डिझेल : तेलाचे नव्हे, माणसाचे नाव



गेल्या हंगामात खोडवा व्यवस्थापनाच्या शिवार फेरीसाठी आम्ही भीमाकाठच्या एका गावी गेलो होतो. पाचट कुट्टी, बुडखे छाटणी, खताचा हप्ता असे सर्व सांगून झाल्यावर सगळे नदीच्या दरडीवर चहाला बसलो. शेजारीच एका सभासदाचे जुने इंजिन पत्र्याच्या छपराखाली उभे होते. आता तिथे विजेची मोटार आहे, पण लाईट गेली की अजून त्याच इंजिनाला हँडल मारावे लागते. तेवढ्यात त्यांच्या आठवीतल्या नातवाने विचारले, "साहेब, डिझेलला डिझेल का म्हणतात?"

एक जण म्हणाले, "कंपनीचं नाव असंल." दुसरे म्हणाले, "इंग्रजी शब्द हाय, त्याला काय अर्थ असायचा?" आम्ही सांगितले की, डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे. आधी इंजिनाला त्याचे नाव पडले आणि मग इंजिनावरून तेलाला. मुलगा लगेच म्हणाला, "मग त्यानं लई पैसा कमावला असंल!"

या बोलण्यावर उभ्या उभ्या देता येईल असे उत्तर आमच्याजवळ नव्हते. म्हणून आज उसाच्या जाती आणि लागणीच्या तारखा थोड्या बाजूला ठेवून या माणसाची हकिगत लिहीत आहोत. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील नदीकाठचा ऊस ज्या यंत्रामुळे उभा राहिला, त्याची माहिती सभासदांना असावी हा हेतू. शेवटी चार कामाच्या गोष्टीही सांगितल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय अंक खाली ठेवू नये.

आधी काय होते?

नदीचे पाणी शेतात न्यावे ही खटपट आपल्या भागात फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली आणि तिच्याबरोबर पुराचे पाणी वळवून नेणारा पाट व बांधही सापडला. पण पाट उताराने जातो. नदी खाली आणि रान वर असेल तर पाणी उचलावेच लागते. त्यासाठी आपल्याकडे मोट होती. बैलजोडी दिवसभर धावेवर चालून जेमतेम काही गुंठे भिजवी. उसासारख्या वर्षभराच्या पिकाला मोटेवर पुरे पडणे म्हणजे माणसांचा आणि बैलांचा जीव काढणे होते.

विलायतेत त्या वेळी वाफेची इंजिने होती. दौंड हे तर जुने रेल्वे जंक्शन. तिथल्या यार्डात वाफेची इंजिने धुराचे लोट सोडीत उभी असत, हे आजही वयस्कर मंडळींना आठवते. पण वाफेच्या इंजिनाला बॉयलर लागतो, कोळशाचा ढीग लागतो, पाणी लागते, विस्तव सांभाळणारा माणूस लागतो. एवढे करून कोळशात जेवढी उष्णता असे तिचा शंभरातला दहावा भागसुद्धा धड कामी येत नसे. बाकीचे सर्व धुराड्यातून वर जाई. मोठ्या गिरणीला हे परवडे. लहान कारागिराला किंवा शेतकऱ्याला परवडणारे नव्हते.

हीच गोष्ट एका जर्मन विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरली.

निर्वासिताचे पोर

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसला झाला. आईबाप मूळचे जर्मन, बव्हेरियातले. बाप चामड्याच्या वस्तू बनवणारा कारागीर. परिस्थिती बेताची. तयार झालेला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम पोराकडे असे. सवड मिळाली की पोरगा पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुनी वाफेची गाडी न्याहाळत बसे आणि तिची चित्रे काढी.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मनीची लढाई जुंपली. फ्रान्समधल्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण तिथे पोटाची भ्रांत. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवले. ते गृहस्थ शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या घरी राहून पोरगा तंत्रशाळेत शिकला, पहिला आला, आणि शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला. घरचे म्हणत होते की आता नोकरी धर आणि आम्हाला हातभार लाव. पण तो शिकतच राहिला. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हा वाद झालेला आहे, तेव्हा जास्त सांगायला नको.

म्युनिकला प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे शिकवीत. बर्फ करण्याचे यंत्र काढणारे ते हेच लिंडे. त्यांनी एकदा वर्गात सांगितले की, वाफेचे इंजिन जळणातली बहुतेक उष्णता फुकट घालवते आणि सिद्धान्ताप्रमाणे याहून कितीतरी चांगले इंजिन शक्य आहे. रुडॉल्फने ते वहीत टिपून ठेवले. पुढे लिंडेंच्याच बर्फ-कारखान्यांत त्याने दहा-बारा वर्षे नोकरी केली, पण वहीतले ते टिपण डोक्यातून गेले नाही.

कल्पना काय होती?

सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली की ती तापते. थोडी दाबली तर थोडी तापते, पुष्कळ दाबली तर पुष्कळ. डिझेलची कल्पना एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापेल. मग त्या तापल्या हवेत तेलाचा बारीक फवारा मारायचा. तेल आपोआप पेटते. त्याला ठिणगी लागत नाही की बत्ती लागत नाही.

आपल्या शेतावरच्या इंजिनात दट्ट्याचे चार फेर असतात. पहिल्या फेराला दट्ट्या खाली येतो आणि हवा आत ओढतो. दुसऱ्याला वर जाऊन ती सोळा-सतरा पट दाबतो. म्हणजे सोळा शेर हवा एका शेराच्या जागेत कोंबायची. तिसऱ्या फेराच्या तोंडाला नोझल फवारा मारते, तेल पेटते आणि दट्ट्याला खाली रेटते. काम होते ते या एकाच फेरात. चौथ्याला जळका धूर बाहेर जातो. बाकीचे तीन फेर जड चाक आपल्या गतीने ओढून नेते. म्हणूनच हँडल मारताना आधी दाब सोडण्याची कळ उचलायची, चाकाला वेग द्यायचा आणि मग कळ सोडायची. चाकात वेग नसेल तर दाबाचा फेर पार होत नाही आणि हँडल उलटे मनगटावर येते.

चार फेरांची ही पद्धत डिझेलची नव्हे. ती निकोलाउस ऑटो या दुसऱ्या जर्मन माणसाने १८७६ साली यशस्वी केली होती. आपल्या मोटारसायकलीचे पेट्रोल इंजिन त्या वंशातले. तेलावर चालणारी दुसरीही इंजिने त्या काळी होती. इंग्लंडात अॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० च्या सुमारास तेलाचे इंजिन केले होते, पण त्याचे डोके आधी दिव्याने तापवावे लागे. नुसत्या दाबाने पेटणारे आणि कमी तेलात जास्त काम देणारे इंजिन करायचे, हा ध्यास मात्र डिझेलचा.

चार वर्षांची झटापट

१८९२ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९३ साली पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्याने आपल्या सिद्धान्ताचे पुस्तक छापले. ऑग्सबुर्गचा यंत्र-कारखाना आणि क्रुप ही पोलादाची मोठी कंपनी यांनी पैसा व जागा दिली. पण कागदावरचे इंजिन आणि लोखंडाचे इंजिन यांत फार अंतर असते.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन पट्ट्याने फिरवले आणि आत जळण सोडले. असा स्फोट झाला की दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. डिझेल आणि कामगार थोडक्यात बचावले. इंजिन चालले नाही, पण ठिणगीशिवाय जळण पेटते एवढे सिद्ध झाले. पुन्हा आराखडे, पुन्हा नवे भाग. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन प्रथमच स्वतःच्या ताकदीवर सुमारे एक मिनिट चालले. त्याची एक गोष्ट सांगतात. कारखान्याच्या शाफ्टावरून पट्टा इंजिनाला फिरवीत होता. एकाएकी पट्ट्याची ताणलेली बाजू सैल पडली आणि सैल बाजू ताणली. म्हणजे आता इंजिनच शाफ्टाला ओढू लागले! हे पहिल्यांदा ध्यानात आले ते तिथल्या मिस्त्रीच्या. तो काही बोलला नाही, फक्त डोक्यावरची टोपी काढली.

त्यानंतरही तीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी सर्वांसमक्ष चाचणी घेतली. इंजिन सुमारे वीस हॉर्सपॉवरचे होते. जळणातल्या उष्णतेपैकी शंभरात २६ भाग कामाला लागले, असे मोजमापात निघाले. वाफेच्या इंजिनाच्या अडीच-तीन पट! जगभरचे कारखानदार ऑग्सबुर्गला धावले. अमेरिकेचे हक्क अॅडॉल्फस बुश या दारूभट्टीच्या मालकाने विकत घेतले. चाळिशी गाठण्याआधी डिझेल लक्षाधीश झाला.

शेंगतेलावर चाललेले इंजिन

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे एका कंपनीने लहानसे डिझेल इंजिन चालवून दाखवले. त्यात घातलेले तेल होते शेंगतेल! फ्रेंच सरकारचा विचार असा होता की आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिकतो, तेव्हा तिथली इंजिने तिथल्याच तेलावर चालावीत. इंजिन इतके सुरळीत चालले की तेल बदलले आहे हे फार थोड्यांना कळले. पुढे १९१२ साली डिझेलने लिहून ठेवले की, वनस्पतींच्या तेलाचे हे काम आज किरकोळ वाटले तरी पुढे त्याला महत्त्व येईल.

ही गोष्ट सांगितली म्हणून कोणी घाण्याचे तेल इंजिनात ओतू नये. कच्चे तेल घट्ट असते. त्याने नोझल तुंबते आणि रिंगांवर काजळी बसते. आजची इंजिने त्यासाठी केलेली नाहीत. पण शेतातून इंजिनाचे जळण निघावे हा विचार इंजिनाइतकाच जुना आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याकडे आपण परत येणार आहोत.

आपल्या रानापर्यंत

डिझेलची पहिली इंजिने दीड-दोन पुरुष उंच आणि काही टन वजनाची असत. ती गिरण्यांत, वीजघरांत आणि जहाजांत बसली. शेतावर येण्याआधी इंजिन लहान आणि सोपे होणे जरूर होते. त्यासाठी तेलाचा फवारा मारणारा नेमका पंप हवा होता. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढला. १९३३ साली जपानमध्ये यामाओका नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने शेतावर चालेल असे लहान डिझेल इंजिन बनवले. त्याची यानमार कंपनी आजही आहे. यामाओकाने पुढे १९५७ साली ऑग्सबुर्गला डिझेलच्या स्मरणार्थ शिलांची बाग बांधून दिली. यंत्र काढणाऱ्याचे उपकार एका शेतकऱ्याच्या मुलाने असे फेडले.

महाराष्ट्रातही याच काळात हालचाल सुरू झाली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रीही होते. दुसरीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे म्हणणाऱ्या लोकांना त्यांनी नांगर विकून दाखवला होता. नांगर, चारा कापण्याचे यंत्र, चरक, पंप असे करीत त्यांचे चिरंजीव शंतनुराव इंजिनाकडे वळले. शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आलेले. त्यांनी १९४६ साली पुण्याला खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू केली. तिचे पाच हॉर्सपॉवरचे, मिनिटाला १५०० फेरे करणारे पाण्याने थंड होणारे इंजिन माहीत नसेल असा नदीकाठचा शेतकरी विरळाच.

इंजिन आले आणि रान पालटले. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या दरडींवर पत्र्याची छपरे उभी राहिली. राहूच्या बेटात, पारगाव-नानगावकडे, पलीकडे वडगाव रासाई, मांडवगण फराट्याच्या बाजूला नदीचे पाणी पाइपाने वर चढू लागले. जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे ऊस आला, आणि ऊस आला म्हणून कारखाने आले. धरणे, कालवे आणि वीज यांचा वाटा मोठाच आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण कालव्याच्या वर असलेल्या आणि तारा न पोचलेल्या रानाला पहिले पाणी पाजले ते याच 'ठक-ठक' करणाऱ्या यंत्राने.

आपल्या भागात माजी सैनिक पुष्कळ आहेत. त्यांना एक गंमत सांगतो. लष्कराचा 'शक्तिमान' ट्रक त्यांनी चालवला असेल. तो जबलपूरला १९५० च्या दशकाअखेर तयार होऊ लागला, तो एम.ए.एन. म्हणजे 'मान' या जर्मन कंपनीच्या परवान्यावर. शक्तिमान मधला 'मान' तिथलाच! आणि ही कंपनी म्हणजे ज्या ऑग्सबुर्गच्या कारखान्यात डिझेलने पहिले इंजिन चालवले, त्याचाच वारसा.

सहकाराचे स्वप्न

आता डिझेलच्या आयुष्यातली एक गोष्ट, जी इंजिनाच्या पुस्तकांत सहसा नसते. १९०३ साली त्याने एक पुस्तक लिहिले. विषय यंत्राचा नव्हता, सहकाराचा होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक कामगाराने रोज अगदी थोडे पैसे सामाईक निधीत टाकावेत. त्या निधीच्या जोरावर कर्ज उभे करावे आणि कामगारांनी स्वतःच्या मालकीचे कारखाने काढावेत. अशा कारखान्यांना त्याने मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा दिली. एकेकीचा थेंब लहान, पण पोळे सर्वांचे.

पुस्तकाच्या दहा हजार प्रती छापल्या, त्यांतल्या जेमतेम तीनशे खपल्या. इंजिन जगाने उचलले, सहकाराकडे कोणी पाहिले नाही. पण डिझेल स्वतः या पुस्तकाला आपल्या इंजिनापेक्षा कमी मानीत नव्हता.

बंधूंनो, त्याच्यानंतर पन्नास वर्षांच्या आत प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ साली तिथे पहिले गळीत झाले. त्यांनी डिझेलचे पुस्तक वाचले होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या माणसाच्या इंजिनाने आपल्या उसाला पाणी दिले, त्याच्या मनात आपल्यासारखाच कारखाना होता, हा योग आम्हाला मोठा वाटतो. आपल्या शेअरचा दाखला ट्रंकेत तळाशी पडला असेल, तर तो काढून एकदा पाहावा. पोळ्यातला तो आपला थेंब आहे.

शेवट

आता त्या मुलाच्या बोलण्याचे उत्तर. पैसा त्याने कमावला, पण टिकला नाही. १८९८ साली त्याने आपले हक्क एका कंपनीला ३५ लाख मार्कांना दिले, पण त्यांतला काही भाग शेअरच्या कागदात होता. इंजिन पुरते तयार व्हायच्या आतच कारखानदारांनी विक्री सुरू केली. केम्प्टेन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या इंजिनाने सुरुवातीला फार त्रास दिला. शिव्या मात्र डिझेलच्या नावाने. पेटंटावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कल्पना तुझी नव्हे, असे विरोधक म्हणू लागले. डोकेदुखी आणि मनाचा ताण इतका वाढला की त्याला आरोग्यधामात राहावे लागले. त्यात म्युनिकला मोठा बंगला बांधला, जमिनींच्या व्यवहारात हात घातला आणि तिथे बुडाला. हिशेबाकडे कधी नीट पाहिलेच नाही. कर्जाचा आकडा घरच्यांनाही त्याने कळू दिला नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवला. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. टोपी आणि घडी केलेला कोट बोटीच्या कठड्यापाशी सापडला. त्याच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली होती. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत आढळले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडले. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय होते ५५. त्याने जीव दिला, असे बहुतेकांचे मत आहे. घातपात झाला असेही काही म्हणतात. निघण्याआधी त्याने पत्नीजवळ एक बॅग दिली होती. ती नंतर उघडली तेव्हा आत काही रोख मार्क आणि बँकेत काही शिल्लक नसल्याचे कागद निघाले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. कर्जाचा आकडा घरात न सांगणारा माणूस आम्ही आमच्या गटांतही पाहिला आहे. शिकलेला असो वा न शिकलेला, जग ज्याला हुशार म्हणते तोही एकटा पडला की बुडतो. सभासदांनी सोसायटीचा, बँकेचा आणि दुकानदाराचा आकडा एका वहीत लिहावा आणि ती वही घरच्या बाईमाणसाला व कर्त्या पोराला दाखवावी. अडचण असेल तर आमच्या गट ऑफिसात येऊन बसावे. ऊसबिलातून काय मार्ग निघतो ते मिळून पाहू. आकडा उघडा केल्याने अब्रू जात नाही.

कामाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट विहिरीची. पंप पाणी खेचतो ते बाहेरच्या हवेच्या दाबावर. हिशेबाने हा दाब दहा मीटर पाणी चढवतो, पण पाइपातले घर्षण आणि सांध्यांतली गळती धरता सहा-सात मीटरच्या वर भरवसा नसतो. म्हणून पाणी खोल गेले की लोक इंजिन विहिरीत टप्प्यावर उतरवीत. इथेच घात होतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साठून राहतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ऊसनोंदीसाठी एका वस्तीवर गेलो होतो. अंगणात माणसे खाली माना घालून बसलेली. थोरला भाऊ बंद पडलेले इंजिन पाहायला विहिरीत उतरला आणि वर आला नाही. धाकटा त्याला काढायला उतरला, तोही आला नाही. नोंदवही आम्ही पिशवीतून काढलीच नाही. म्हणून हात जोडून सांगतो : इंजिन विहिरीत उतरवू नका. आधीचे असेल तर काढा आणि पाणबुडी मोटार बसवा. कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, म्हणजे हवा चांगली, असे समजू नका. कंदील विझतो तो प्राणवायू संपल्यावर. हा विषारी वायू असताना तो जळतच राहतो. आत कोणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि मदत आल्याशिवाय उतरणे म्हणजे एकाचे दोन करणे.

दुसरी गोष्ट धुराची. धुराकडे पाहून इंजिनाचे दुखणे कळते. काळा धूर म्हणजे तेल जास्त आणि हवा कमी : एअर फिल्टर तुंबला, नोझल बिघडले किंवा ओझे जास्त झाले. निळा धूर म्हणजे खालचे ऑईल वर येऊन जळते, रिंगा पाहाव्यात. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर तेल पुरते जळत नाही : दाब गेला किंवा नोझल टपकते. डिझेल फडक्यातून गाळून भरले तर निम्मी दुखणी होतच नाहीत. रॉकेलची भेसळ करू नये. पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचेच मिळते.

तिसरी गोष्ट तेलाच्या हिशेबाची. एकरभर रानाला तीन इंच पाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. ते एकूण दहा मीटर उचलायला बऱ्यापैकी पंपाला साधारण साडेचार लिटर डिझेल जाते. वीस मीटर उचलायचे तर दुप्पट. आता उसाच्या वर्षभराच्या पाण्याच्या पाळ्यांनी गुणून पाहा. सरी फुटली, पाइप गळाला, वाफा तुडुंब भरला की पाण्याबरोबर तेलही वाया जाते. शिवाय खालच्या काळ्या रानाला मीठ फुटते ते वेगळेच. ठिबकाने पाण्याचा तिसरा हिस्सा तरी वाचतो. वीज असो की डिझेल, हिशेब तोच.

चौथी गोष्ट जळणाची. आता साखर कारखान्यांतून इथेनॉल निघते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळते. ते पेट्रोलमध्ये मिसळतात आणि देशात हे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. सभासद विचारतात की मग डिझेलमध्ये का घालत नाहीत? कारण वर सांगितलेल्या इंजिनातच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पेटवते, तिथे इथेनॉल सहज जळते. ऑटोनेसुद्धा आपल्या सुरुवातीच्या प्रयोगांत अल्कोहोल वापरून पाहिले होते. डिझेल इंजिनात मात्र नुसत्या दाबाने जळण पेटायला हवे आणि इथेनॉल तसे पटकन पेटत नाही. शिवाय ते डिझेलमध्ये नीट एकजीव राहत नाही. म्हणून आपले ट्रॅक्टर आणि तोडणी यंत्रे अजून डिझेलवरच आहेत. पण शेंगतेलावर इंजिन चालवणाऱ्या माणसाने जी वाट दाखवली, त्याच वाटेने आपला ऊस आज निघाला आहे.

हा अंक आम्ही त्या मुलाच्या आजोबांकडे पाठवणार आहोत. त्याने वाचून आणखी प्रश्न काढले, तर त्यांचीही उत्तरे पुढच्या अंकात देऊ. बाकी सभासदांनी खोडव्याच्या नोंदी वेळेत गट ऑफिसात द्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी